फिल्टर लावण्याआधी चार्जर काढून बघा

जैववैद्यकीय अभियांत्रिकीत एम.टेक. आणि पीएच.डी. करणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांपैकी काही या अंकात घेतले आहेत. एकाच अडचणीबद्दल दोघातिघांनी लिहिले असेल तिथे प्रश्न एकत्र केला आहे. बऱ्याच पत्रांत ‘आता कुठला फिल्टर, कुठले केमिकल, कुठले किट घेऊ?’ असे विचारले आहे. विकत घेण्याआधी दोष कुठून येतो ते शोधायला बहुतेक वेळा अर्धा तास पुरतो.

प्रश्न : एडी६२० ही अँप्लिफायर चिप वापरून ब्रेडबोर्डवर तीन इलेक्ट्रोडचे ईसीजी सर्किट केले आहे. गेन (सिग्नल किती पट वाढतो तो आकडा) १००० आहे. स्क्रीनवर ५० हर्ट्झची (मेन्सच्या, म्हणजे भिंतीतल्या विजेच्या वारंवारतेची) जाड पट्टी दिसते. ट्विन-टी नॉच (एक ठरावीक वारंवारता कापणारा फिल्टर) लावल्यावर पट्टी बारीक झाली, पण क्यूआरएस (ठोक्याचा उंच, टोकदार भाग) बुटका आणि पसरट दिसू लागला. मधूनच आउटपुट वर जाऊन चिकटते. पुढच्या आठवड्यात गाईडना चालू सर्किट दाखवायचे आहे. (एम.टेक. दुसरे वर्ष, पुणे)

उत्तर : हे तीन वेगवेगळे दोष आहेत.

आधी ‘चिकटण्या’चे बघू. त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्यामध्ये बॅटरीसारखा स्थिर व्होल्टेज तयार होतो आणि दोन हातांवर तो कधीच तंतोतंत सारखा नसतो. हा फरक ३०० मिलिव्होल्टपर्यंत जाऊ शकतो असे धरूनच ईसीजीची उपकरणे बनवतात. आर लाट (क्यूआरएसचे टोक) मात्र जेमतेम १ मिलिव्होल्टची असते. फरक नुसता ५ मिलिव्होल्ट असला तरी १००० गेनने त्याचे ५ व्होल्ट होतात आणि ±५ व्होल्टवर चालणारी चिप तिथेच अडकते. म्हणून पहिल्या टप्प्याचा गेन १० ठेवा. एडी६२०मध्ये गेन म्हणजे ४९.४ किलोओहम भागिले बाहेरचा रेझिस्टर, अधिक १. त्यामुळे ५.४९ किलोओहम लावला की गेन बरोबर १० येतो. त्यापुढे १ मायक्रोफॅरड आणि ३३० किलोओहमचा हाय-पास फिल्टर लावा, तो साधारण ०.५ हर्ट्झच्या खालचे कापतो. स्थिर व्होल्टेज तिथे थांबला की मग उरलेला १०० गेन साध्या ऑप-अँपने (अँप्लिफायर चिपने) घ्या.

आता नॉच. ऑप-अँपचा फीडबॅक नसलेला ट्विन-टी फार रुंद असतो. ५० हर्ट्झसाठी बनवला तर साधारण १२ हर्ट्झपासून २१२ हर्ट्झपर्यंतचा भाग तो ३ डेसिबल किंवा त्याहून जास्त दाबतो. क्यूआरएसचा जीव १० ते २५ हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे तुम्ही त्याच्यावरच कात्री चालवली आहे. त्यात ५ टक्के टॉलरन्सचे कपॅसिटर असतील तर नॉचचा मध्य ५० हर्ट्झवर बसतही नाही. नॉच काढून टाका. आमच्या मते शिकण्याच्या टप्प्यावर नॉच लावूच नये, कारण त्यामागे सर्किटचे सगळे दोष झाकले जातात.

मग ५० हर्ट्झ येतो कुठून? पुढच्या क्रमाने बघा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

दोन्ही इनपुट एकमेकांना जोडून सर्किटच्या ग्राउंडला लावा. तरीही पट्टी दिसली तर दोष शरीराकडून येत नाही, सर्किटमध्ये किंवा पॉवर सप्लायमध्ये आहे. पट्टीची वारंवारता मोजा. १०० हर्ट्झ असेल तर ती रेक्टिफायरची रिपल (एसीचे डीसी करताना उरलेली लहर) आहे. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर सर्किट चालवले की ती जाते.

इनपुट जोडल्यावर रेघ स्वच्छ आली, पण माणूस जोडल्यावर पट्टी परत आली, तर लॅपटॉपचा चार्जर काढा. बहुतेक चार्जरमध्ये मेन्सच्या बाजूपासून आउटपुटच्या बाजूपर्यंत एक छोटा कपॅसिटर टाकलेला असतो. दोन पिनांच्या चार्जरवर लॅपटॉपचे ग्राउंड त्यामुळे मेन्सच्या तालावर हलत राहते आणि यूएसबीच्या वायरमधून तुमच्या सर्किटपर्यंत व तिथून माणसाच्या पायापर्यंत पोहोचते. लॅपटॉप बॅटरीवर आला की पट्टी निम्म्याहून बारीक होते, असा बहुतेकांचा अनुभव. इथे नॉइजपेक्षा मोठी गोष्ट सुरक्षेची आहे. माणूस इलेक्ट्रोडने जोडलेला असताना सर्किटला मेन्सवरचा ऑसिलोस्कोप किंवा चार्जिंगवरचा लॅपटॉप लावायचा नाही. कायमची सोय हवी असेल तर यूएसबी आयसोलेटर घ्या किंवा डेटा ब्लूटूथने पाठवा.

तरीही पट्टी उरली तर वायरी आणि त्वचा तपासा. खोलीतल्या वायरिंगमधून प्रत्येक लीडमध्ये हवेतूनच थोडा प्रवाह शिरतो. तो १० नॅनोअँपिअर धरा. दोन इलेक्ट्रोडच्या इम्पिडन्समध्ये (विद्युत अडथळ्यामध्ये) २० किलोओहमचा फरक असेल तर इनपुटवर ०.२ मिलिव्होल्टचा खोटा सिग्नल उभा राहतो, म्हणजे आर लाटेच्या पाचव्या हिश्शाएवढा. चिपचे सीएमआरआर (दोन्ही इनपुटवर सारखे आलेले नाकारण्याची क्षमता) कितीही चांगले असले तरी हा फरक सिग्नल म्हणूनच आत येतो, चिपला तो ओळखता येत नाही. म्हणून लीड आखूड ठेवा, एकमेकींभोवती पिळा, जमल्यास शील्ड असलेल्या घ्या. त्वचा गॉझने हलकी घासा, स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी होऊ द्या, मगच इलेक्ट्रोड चिकटवा. उघड्या पाकिटात बरेच दिवस राहिलेल्या इलेक्ट्रोडची जेल सुकलेली असते. ते वापरू नका, आणि एका हाताला नवा व दुसऱ्याला जुना असे तर मुळीच नको.

सगळ्यात शेवटी उजव्या पायाचा इलेक्ट्रोड. तो नुसता ग्राउंडला जोडण्याऐवजी ५.४९ किलोओहमच्या जागी २.७ किलोओहमचे दोन रेझिस्टर मालिकेत लावा. त्यांच्या मधल्या बिंदूवर दोन्ही इनपुटचा सामाईक व्होल्टेज मिळतो. तो बफर करून उलटा करा, साधारण ३९ पट वाढवा आणि पायाकडे परत पाठवा. पायाच्या वायरीत ३९० किलोओहम हवाच, म्हणजे ऑप-अँप बिघडून ५ व्होल्टला अडकला तरी शरीरातून सुमारे १३ मायक्रोअँपिअरच जातील. हा रेझिस्टर ‘सिग्नल बरा येतो’ म्हणून काढून टाकलेला आम्ही पुष्कळ ब्रेडबोर्डांवर पाहिला आहे. काढू नका.

प्रश्न : हे सर्किट चालल्यावर हॉस्टेलमधल्या २० मित्रांचा ईसीजी घेऊन प्रबंधात टाकायचा आहे. नॉन-इनव्हेजिव्ह आहे, मग परवानगी लागते का? (त्याच विद्यार्थ्याचा दुसरा प्रश्न)

उत्तर : लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे माणसांवरच्या संशोधनाला संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता रीडिंग घेण्याआधी हवी. नंतर मागितलेली मंजुरी मिळत नाही आणि तो डेटा छापताही येत नाही. संमतिपत्र मित्रांना समजेल त्या भाषेत द्या. ज्युनिअरला ‘सरांचा प्रोजेक्ट आहे, बस’ म्हणून बसवणे ही मोकळी संमती नव्हे, हे समितीही विचारते. अर्जासोबत सर्किटचा आराखडा, बॅटरीवर चालते याचा उल्लेख आणि वरच्या ३९० किलोओहमचा हिशेब जोडा. प्रश्न कमी येतील.

प्रश्न : सोडियम अल्जिनेटचे (जेल होणाऱ्या पॉलिमरचे) मणी कॅल्शियम क्लोराइडमध्ये छान गोल होतात. पण पीबीएसमध्ये (फॉस्फेट असलेल्या खारट बफरमध्ये) ठेवले की दुसऱ्या दिवशी फुगून मऊ होतात, तिसऱ्या दिवशी विरघळतात. क्रॉसलिंकिंगची (साखळ्या एकमेकींना बांधल्या जाण्याची) वेळ १ मिनिटावरून ३० मिनिटे केली, तरी तेच. (पीएच.डी., कोल्हापूर, असेच एक पत्र नागपूरहून)

उत्तर : वेळ वाढवून हे सुटणार नाही, कारण मणी पीबीएसच मोडते आहे. अल्जिनेटच्या साखळ्या कॅल्शियमने एकमेकींना बांधलेल्या असतात. पीबीएसमधला फॉस्फेट तो कॅल्शियम ओढून घेतो, आणि भरपूर असलेला सोडियम त्याची जागा घेतो. नुसत्या सलाइनमध्येही फुगण्याचे प्रमाण बरेच असते, फक्त मोडायला वेळ लागतो. डीएमईएममध्ये (पेशी वाढवण्याच्या द्रवात) १.८ मिलिमोलर कॅल्शियम असल्यामुळे तिथे मणी जास्त टिकतात.

धुण्यासाठी आणि ठेवण्यासाठी ०.९ टक्के सोडियम क्लोराइड, २० मिलिमोलर हेपिस (पीएच स्थिर ठेवणारा बफर), पीएच ७.४ आणि २ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड असे द्रावण करा. पीबीएसमध्येच कॅल्शियम घालून बघू असे मनात आले असेल तर थांबा, पांढरा गढूळपणा येऊन कॅल्शियम फॉस्फेट तळाशी बसेल.

दोन्ही पत्रांत कॅल्शियम क्लोराइड ‘१०० मिलिमोलर’ लिहिले आहे, पण बाटली कुठली ते लिहिलेले नाही. निर्जल कॅल्शियम क्लोराइडचा रेणुभार १११, डायहायड्रेटचा १४७. १०० मिलीलिटरसाठी पहिल्याचे १.११ ग्रॅम लागतात, दुसऱ्याचे १.४७ ग्रॅम. निर्जलचा आकडा पाठ करून डायहायड्रेट तोलले तर द्रावण ७५ मिलिमोलरचेच होते, आणि प्रबंधात १०० छापले जाते. निर्जल मीठ पावसाळ्यात हवेतले पाणी इतक्या झपाट्याने ओढते की उघड्या बाटलीतले खडे भिजलेले दिसतात. ती बाटली आकडेमोडीसाठी बाद समजा.

अल्जिनेट विरघळवतानाही चूक होते. २ टक्क्यांसाठी १०० मिलीलिटर पाण्यात २ ग्रॅम. आधी स्टिररवर पाण्यात भोवरा तयार करा आणि पावडर त्याच्या कडेवर चिमटीने, पिठी भुरभुरावी तशी टाका. एकदम ओतली की बाहेरून चिकट आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात, मग रात्रभर फिरवूनही त्या जात नाहीत. गुठळी राहिली म्हणून द्रावण तापवू नका. ऑटोक्लेव्हमध्ये साखळ्या तुटतात, द्रावण पातळ होते आणि जेल कच्ची येते. निर्जंतुक हवे असेल तर १ टक्क्याचे पातळ द्रावण गाळून मग घट्ट करणे, किंवा निर्जंतुक पावडरच घेणे, हे दोन मार्ग आहेत.

२ मिलिमीटरच्या मण्याला १०० मिलिमोलरमध्ये निदान १० मिनिटे द्या. १ मिनिटात नुसती साल बनते. मणी शेपटी घेऊन पडत असतील तर सुई द्रावणाच्या फार जवळ आहे किंवा अल्जिनेट जास्त घट्ट आहे. उंची ५ सेंटिमीटरपासून सुरू करून वाढवत जा. दाबून ताठपणा मोजणार असाल तर मणी कुठल्या द्रावणात किती तास होते हे आकड्याशेजारी लिहा. ते नसेल तर तो आकडा दुसऱ्या कोणाला पडताळता येणार नाही.

प्रश्न : रेझिन प्रिंटरवर साचा छापून त्यात पीडीएमएस (पारदर्शक सिलिकोन रबर) ओतले. वरचा भाग कडक झाला, पण साच्याला लागलेली बाजू चिकट राहिली. ती कशीबशी काढून काचेला प्लाझ्माने (आयनित वायूने पृष्ठभाग सक्रिय करून) जोडली तर चॅनेलच्या (द्रव वाहण्याच्या बारीक नालीच्या) बाजूने गळते. (पीएच.डी., मुंबई)

उत्तर : पीडीएमएस कडक होते ते प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने, आणि तो फार नाजूक असतो. रेझिनमध्ये उरलेले मोनोमर आणि फोटोइनिशिएटर, लॅटेक्स हातमोज्यातले गंधक, अमाइन, टिनवर चालणारे सिलिकोन, यांतले काहीही लागले की ती बाजू कच्ची राहते. हातमोजे नायट्राइलचे घ्या. साचा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दोन वेळा धुवा, यूव्हीखाली पूर्ण क्युअर करा, मग ओव्हनमध्ये तापवून उरलेले बाहेर काढा. तापमान रेझिनच्या माहितीपत्रकातल्या मर्यादेतच ठेवा, नाहीतर साचा वाकतो. सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे साच्याच्या कोपऱ्यावर पीडीएमएसचा एक थेंब टाकून तो सुकू देणे. थेंब चिकट राहिला तर ३० ग्रॅम वाया घालवू नका.

गळतीचे कारण प्लाझ्मात शोधू नका, साच्यात आहे. काचेला टेकणारी बाजू म्हणजे साच्याला लागलेलीच बाजू, आणि प्रिंटच्या थरांच्या रेघा तिच्यावर उमटतात. प्लाझ्माने जोडायला दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे गुळगुळीत लागतात, कारण बंध प्रत्यक्ष स्पर्श झाला तिथेच होतो. साच्याचा सपाट तळ काचेचा किंवा सिलिकॉनचा ठेवा आणि फक्त उंचवटे छापलेले वापरा. किंवा नाजूक चॅनेल असतील तर एसयू-८चा (प्रकाशाने कडक होणाऱ्या थराचा) साचा करून घ्या.

ओतण्याचे प्रमाण वजनाने १० : १. ९० मिलिमीटरच्या पेट्री डिशमध्ये ३० ग्रॅम बेस आणि ३ ग्रॅम क्युअरिंग एजंट घातले की साधारण ५ मिलिमीटर जाडी येते. भांड्याच्या कडा खरवडत निदान ३ मिनिटे ढवळा. कमी ढवळले की कुठे तेलकट, कुठे ठिसूळ असे ठिगळ दिसते. डेसिकेटरमध्ये व्हॅक्यूमखाली ३० ते ४५ मिनिटे. फेस आधी दूध उतू जावे तसा वर येतो, म्हणून भांडे मिश्रणाच्या तिप्पट मोठे घ्या. साधारण ६५ अंशावर ४ तास. पीएलएचा (थ्रीडी प्रिंटिंगच्या प्लास्टिकचा) साचा असेल तर तो ६० अंशाजवळ मऊ पडतो, म्हणून खोलीच्या तापमानाला ४८ तास ठेवा.

जोडताना पीडीएमएसवर चिकटपट्टी लावून ओढा म्हणजे धूळ निघते. काच अल्कोहोलने धुवून सुकवा. प्लाझ्मा ३० ते ६० सेकंद. त्याहून जास्त दिला तर पृष्ठभागावर काचेसारखा ठिसूळ थर बनतो आणि त्याला चिरा पडतात. बाहेर काढल्याबरोबर एका थेंबाची परीक्षा घ्या, पाणी पसरले पाहिजे. लगेच टेकवा आणि ८० अंशावर १५ मिनिटे ठेवा. ‘जेवून येऊन जोडू’ चालत नाही, पृष्ठभाग परत पाण्याला नकार देऊ लागतो.

औषधाच्या चाचण्या करणार असाल तर आणखी एक गोष्ट. पीडीएमएस लहान आणि तेलप्रिय रेणू शोषून घेते. चॅनेलमध्ये घातलेले औषध पेशीला तेवढेच मिळते असे गृहीत धरू नका. बाहेर आलेल्या द्रावणातले प्रमाण मोजा.

प्रश्न : एमजी-६३ (हाडाच्या कर्करोगाच्या) पेशी स्कॅफोल्डवर (सच्छिद्र आधारावर) वाढवतो. मीडिया (पेशी वाढवण्याचा द्रव) स्वच्छ दिसतो, पण पेशी आधीपेक्षा हळू वाढतात आणि एमटीटीची (जिवंत पेशी रंगावरून मोजण्याच्या चाचणीची) रीडिंग दर आठवड्याला वेगळी येतात. पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन घालतो, तरी. (प्रोजेक्ट असोसिएट, पणजी)

उत्तर : मीडिया स्वच्छ असूनही पेशी मंद असतील तर पहिला संशय मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा. त्याला पेशीभित्ती नसते म्हणून पेनिसिलिन त्याला लागूच पडत नाही. तो इतका लहान आणि लवचिक आहे की ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटतो, आणि मीडिया गढूळ करत नाही. रोज अँटिबायोटिक घालण्याची सवय याच कारणासाठी वाईट. एरवी दुसऱ्या दिवशी गढूळपणा दाखवून चूक उघड झाली असती, ती महिनोन्‌महिने झाकली जाते.

निदानासाठी एक फ्लास्क अँटिबायोटिकशिवाय आठवडाभर वाढवा, जवळजवळ भरला की वरच्या मीडियाचा १ मिलीलिटर पीसीआरला द्या. हेक्स्ट रंगाने बघायचे असेल तर केंद्रकाबाहेर पेशीवर ठिपके चमकतात. पॉझिटिव्ह आले तर फ्लास्क टाकून द्या. औषध देऊन वाचवण्याचा मोह अगदी दुर्मीळ पेशींसाठी ठेवा. एमजी-६३ पुन्हा मिळते, पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून संस्थेच्या नावे मागवा. आलेल्या पेशी चाचणीचा निकाल येईपर्यंत वेगळ्या इनक्युबेटरमध्ये ठेवा. शेजारच्या लॅबमधून उसन्या आणलेल्या पेशींनाही हाच नियम, आणि सगळ्यांनी एकाच बाटलीतून मीडिया घेणे बंद.

चाचणी निगेटिव्ह आली तर एमटीटीकडे वळा. ९६ खान्यांच्या प्लेटमध्ये कडेचे ३६ खाने लवकर सुकतात आणि त्यांची रीडिंग भरकटते. त्यांत फक्त पीबीएस भरा, पेशी आतल्या ६० मध्ये ठेवा. स्कॅफोल्ड स्वतःच रंग शोषतो किंवा एमटीटीला पेशींशिवायच जांभळा करतो का, हे पेशी नसलेल्या स्कॅफोल्डवर बघा. हा कंट्रोल नसलेले आलेख आमच्याकडे ‘छापायला योग्य आहेत का’ म्हणून येतात. नाहीत.

प्रश्न : वीज दोन-तीन तास गेली तर इनक्युबेटरमधल्या पेशींचे काय करावे? (एम.टेक., लातूर)

उत्तर : दार उघडू नका. उघडलेत तर उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही एका क्षणात जातात. वीज आल्यावर तापमान ३७ अंशावर आणि वायू ५ टक्क्यांवर स्थिरावू द्या, मग मीडियाचा रंग बघा. जांभळट-गुलाबी झाला असेल तर वायू निसटला होता आणि पीएच चढला. तारीख, तास आणि रंग वहीत लिहा. त्या आठवड्याची रीडिंग विचित्र आली तर कारण शोधत बसावे लागणार नाही. उणे ८० च्या फ्रीझरलाही तेच, न उघडता ठेवा.

प्रश्न : आम्ही बनवलेल्या कृत्रिम हाताच्या पकडीचे पोस्टर परिषदेत द्यायचे आहे. पेटंट नंतर करता येईल का? (पीएच.डी., छत्रपती संभाजीनगर, विद्यापीठ परिसर)

उत्तर : आधी अर्ज, मग पोस्टर. एकदा उघड झालेली कल्पना नवीन राहत नाही. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला १२ महिन्यांची मर्यादित सवलत आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. युरोपात अर्ज करायचा असेल तर तिचा उपयोग नाही. घाई असेल तर प्रोव्हिजनल अर्ज करा, पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. उपकरणाला पेटंट मिळते, रुग्णावर उपचार करण्याच्या पद्धतीला भारतात मिळत नाही, म्हणून अर्जात पकडीची रचना मांडा. जाहीर व्हायवा आणि शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) गेलेला प्रबंध हेही उघड होणेच आहे.

प्रश्न : पेशी लागलेल्या पिपेट टिप कुठल्या पिशवीत? (एम.एस्सी. प्रोजेक्ट, सोलापूर)

उत्तर : २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे दूषित प्लास्टिक लाल पिशवीत, सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्या खुणेच्या डब्यात, आणि जिवंत कल्चरचा कचरा आधी निर्जंतुक करून पिवळ्या पिशवीत. सक्शनच्या बाटलीतला मीडिया ताज्या हायपोक्लोराइटने मारायचा, साधारण अर्धा तास. हायपोक्लोराइट घातलेली बाटली मात्र ऑटोक्लेव्हमध्ये ठेवू नका, क्लोरीन सुटतो.